संमतिपत्राचे शुद्धलेखन

१

'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दूर' आणि 'बीन', म्हणजे दूरचे पाहणारी. गलबतावरच्या टेहळणीपासून ग्रहणाच्या रात्री गच्चीवर जमणाऱ्या मुलांपर्यंत ह्या शब्दाचा संचार आहे. गेल्या काही दशकांत मात्र तो दवाखान्यांच्या पाट्यांवर अधिक दिसू लागला आहे. 'दुर्बिणीद्वारे तपासणी', 'दुर्बिणीतून ऑपरेशन' आणि त्याच्याच जोडीला 'बिनटाक्याचे'. जे उपकरण शरीराच्या आत, जेमतेम वीत-दोन वीत अंतरावरचे पाहते, त्याला आपण दूरचे पाहणारे म्हणतो ही भाषेची गंमतशीर चूक आहे, असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत असे. वर्गात शब्दार्थांच्या स्थलांतराविषयी बोलताना आम्ही हे उदाहरणही देत असू. २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या वडिलांच्या छातीत ही दुर्बीण दोनदा उतरली, आणि त्यानंतर ते उदाहरण आम्ही देईनासे झालो.

प्रस्तुत टिपण त्या दोन तपासण्यांविषयी आहे. येथे 'आम्ही' म्हणजे बहीण-भाऊ. दोघेही महाविद्यालयात साहित्य शिकवतो. एक मराठी, एक इंग्रजी. वैद्यकाचे आमचे ज्ञान नातेवाइकाचे, म्हणजे बाकावर बसून मिळवलेले. ते जेवढे आहे तेवढेच येथे मांडतो. मात्र ह्या टिपणाचा खरा विषय वाचनाचा आहे, आणि त्या विषयात अडाणीपणाची सबब आम्हांला सांगता येणार नाही.

२

नाना, म्हणजे आमचे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत १९७० ते २००४ मराठी शिकवत होते. शुद्धलेखन हा त्यांचा धर्म. लग्नपत्रिका हातात आली की आधी खिशातले पेन काढायचे आणि मग वधू-वरांची नावे वाचायची, अशी त्यांची ख्याती. आई २०११ साली गेली. तेव्हापासून ते गावच्या घरी एकटे राहतात.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला. संध्याकाळी बारीक ताप येई. वजन उतरले. एका सकाळी रुमालावर रक्ताची रेघ दिसली, तेव्हा त्यांनी फोन केला, तोही 'रुमाल धुवायला टाकलाय, काळजी नको' असा. छातीचा एक्स-रे झाला, मग सीटी स्कॅन. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात एक गाठीसारखी सावली होती, आणि छातीच्या मधोमध, मोठ्या श्वासनलिकेच्या आसपास, लसिकाग्रंथी वाढलेल्या होत्या. थुंकी दोनदा तपासली. दोन्ही वेळा क्षयाचे जंतू मिळाले नाहीत. मग पुण्याला आणले.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी विचारले, "काका, पूर्वी कधी टी.बी. झाला होता का?"

"नाही," नाना म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सीटीवरच्या एका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवले. तो एखादा जुना, भरून आलेला व्रण असावा. पुष्कळांना नकळत होऊन जातो, असे त्या म्हणाल्या आणि 'नाही' असेच लिहून घेतले. मग नानांना बाहेर बसवून त्या आमच्याशी बोलल्या. शहात्तर वर्षांचे वय, उतरलेले वजन, थुंकीतले रक्त, ती सावली आणि ह्या ग्रंथी हे सारे पाहता कर्करोगाचा संशय धरून चालावे लागेल. क्षय असू शकतो, आणखीही काही असू शकते. पण तुकडा काढून पाहिल्याखेरीज कोणीही काही म्हणू नये.

आम्ही म्हणालो, त्यांच्यासमोर तो शब्द काढू नका.

"पेशंटला कल्पना असलेली बरी," त्या म्हणाल्या.

"आम्ही देऊ," आम्ही म्हणालो. आम्ही दिली नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. सुझन साँटॅग ह्या अमेरिकन लेखिकेचे १९७८ चे 'इलनेस ॲज मेटफर' हे छोटेखानी पुस्तक आम्ही दोघांनीही आपापल्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवले आहे. एकोणिसाव्या शतकाने क्षयावर आणि विसाव्याने कर्करोगावर जी रूपके लादली, ती रोग्याला रोगाइतकीच छळतात. रोगाला नुसता रोग म्हणून पाहणे हाच त्याच्याशी वागण्याचा सर्वांत निरोगी मार्ग, असा त्या पुस्तकाचा आशय. रोग्यापासून कर्करोगाचे नाव लपवण्याच्या प्रथेवर तिने त्यात कठोर लिहिले आहे. हे पुस्तक लिहिण्यापूर्वी ती स्वतः कर्करोगातून गेली होती, तिचे वडील तिच्या लहानपणीच क्षयाने वारले होते, आणि तरी पुस्तकात ती स्वतःच्या आजाराविषयी अवाक्षर काढत नाही, हेही आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असू. विद्यार्थी ते लिहून घेत. प्रश्नपत्रिकेत त्यावर प्रश्नही येत. आणि ज्या दिवशी तो शब्द आमच्या घरात यायचा होता, त्या दिवशी आम्ही दाराला आतून कडी लावली.

आमच्यापैकी एकटे कोणी असते तर कदाचित बोलणे झाले असते. 'आम्ही' ह्या सर्वनामात मोठी सोय असते. दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याच्या मनाची काळजी वाटत राहते, आणि त्या काळजीच्या आडोशाला निर्णय न घेता राहता येते. नानांना आम्ही एवढेच सांगितले, की कफ अडकला आहे, दुर्बिणीने साफ करायचा आहे. टाकाबिका काही नाही, संध्याकाळी घरी. ह्यातले 'टाका नाही' आणि 'संध्याकाळी घरी' हे अक्षरशः खरे होते. खोटे बोलताना खऱ्या शब्दांचा केवढा आधार होतो!

३

माणसाच्या कंठात डोकावण्याचा इतिहास डॉक्टरांपाशी नव्हे, तर एका गायनशिक्षकापाशी सुरू होतो, हे आम्हांला त्या बाकांवरच्या वाचनात कळले. मानुएल गार्सिया हा गाणे शिकवणारा गृहस्थ. आवाज कोठून आणि कसा निघतो ह्याचे त्याला कुतूहल. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून, स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल स्वतः पाहिली. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान ह्या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या श्वसनीत अडकलेले हाड सरळ धातूच्या नळीतून बाहेर काढले. छाती न उघडता फुप्फुसाच्या वाटेवर केलेला हा पहिला उपचार मानला जातो. त्या वाटेवर जाण्यासाठी मान मागे टाकून तोंड, घसा आणि श्वासनलिका एका रेषेत आणावी लागे. तलवार गिळणाऱ्या डोंबाऱ्यासारखी ती स्थिती.

अमेरिकेत चेव्हलिअर जॅक्सन ह्याने हे तंत्र पुढे नेले. त्याची एक सवय विलक्षण होती. लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून, श्वसनींतून काढलेली प्रत्येक वस्तू तो जपून ठेवी. सुया, बटणे, नाणी, खेळण्यांचे तुकडे, अशा २३७४ वस्तूंचा त्याचा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरने असा संग्रह केला तर त्यात पहिला मान शेंगदाण्याचा असेल. त्यामागोमाग चिंचोका आणि सीताफळाची बी. उजवी श्वसनी डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ उतरती असल्याने घरंगळलेली वस्तू बहुधा तिकडे जाते. चिंचोका तर आतल्या ओलाव्याने फुगतो. लहान मुलांच्या बाबतीत आजही त्यासाठी ती जुनी सरळ नळीच लागते, पूर्ण भूल देऊन.

हा जॅक्सन १८८६ साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या क्षयाने गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. नाना वर्गात आनंदीबाईंची गोष्ट फार रंगवून सांगत. आम्ही दोघेही त्यांच्याच शाळेत शिकलो, म्हणून ती ऐकलेली आहे. शेवटाशी आल्यावर ते म्हणत, 'आणि आजारपणाने त्यांचा अंत झाला.' आजाराचे नाव ते घेत नसत. ही गोष्ट आम्हांला तेव्हा खटकली नव्हती. आता आठवली.

सरळ नळीला वळता येत नाही, आणि फुप्फुसाची वाट तर वळणांचीच. ते वळण काचेच्या तंतूंमुळे शक्य झाले. मूळचे पंजाबातले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स ह्यांनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्यावर केलेले काम १९५४ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९६० च्या दशकात जपानचे शिगेतो इकेदा ह्यांनी हे तत्त्व श्वसनमार्गासाठी वापरले आणि १९६६ मध्ये आपली लवचिक दुर्बीण जगापुढे ठेवली. आज तिच्या टोकाशी छोटा कॅमेराच असतो आणि चित्र थेट पडद्यावर उमटते. जाडी साधारण पेन्सिलीपेक्षाही कमी.

हीच दुर्बीण नानांच्या उजव्या नाकपुडीतून आत गेली. आधी सहा तासांचा उपास, मग घसा बधिर करणाऱ्या औषधाची वाफ आणि फवारे, मग गुंगीचे इंजेक्शन. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. अर्ध्या तासात काम झाले. त्यातले नानांना आज काहीही आठवत नाही. त्या गुंगीच्या औषधाचा तोही एक गुण आहे.

नंतर डॉक्टरबाईंनी आम्हांला पडद्यावर छायाचित्रे दाखवली. आधी स्वरतंतू आले, दोन फिकट, मोत्याच्या रंगाच्या कडा. चौतीस वर्षे पाठ्यपुस्तकातल्या कविता ज्यांतून चालीवर निघाल्या, त्या ह्या. खाली श्वासनलिका, कूर्चेच्या कड्यांची. मग ती दुभंगते तेथली धारदार कड. मग उजवीकडे फाटे, फाट्यांना फाटे. फुप्फुसाची वाट साधारण तेवीस वेळा दुभंगत वायुकोशांपर्यंत जाते. दुर्बीण त्यांतल्या पहिल्या काही वळणांपर्यंतच पोचते. त्यापुढचे तिला दिसत नाही. मग तेथे मिठाचे पाणी सोडून ते परत खेचून घेतात, म्हणजे जेथे नजर जात नाही तेथले धुवण घेतात. किंवा अंदाजाने बारीक चिमटा पुढे सरकवून तुकडा तोडतात. तुकडा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा.

पडद्यावरचा तो गुलाबी, ओलसर प्रदेश पाहताना आमच्या मनात आले, की 'दुर्बीण' ह्या शब्दात चूक नाही. आमच्या आयुष्यात आम्ही ह्याहून दूरचे काही पाहिले नव्हते.

आठवड्याने अहवाल आला. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, क्षयाची चाचणी नकारात्मक. नमुना निदानास अपुरा. आम्ही पहिले वाक्य वाचून उठलोच होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बसा. तिसरं वाक्य वाचा."

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आम्ही समीक्षेच्या वर्गात नेहमी वापरतो. एका कडव्यावरून कवी जोखायचा, एका परिच्छेदावरून कादंबरीची शैली सांगायची, हा तर आमचा धंदाच. पण म्हणीत एक गृहीत आहे. शीत त्याच भांड्यातले असले पाहिजे आणि ते हाताला लागले पाहिजे. येथे चिमटा भाताच्या शेजारी पडला होता. न सापडणे आणि नसणे ह्यांतला फरक ती बाई आम्हांला, दोन साहित्याच्या प्राध्यापकांना, समजावून सांगत होती. 'नमुना अपुरा आहे' असे लिहून सही करणारी माणसे आमच्या क्षेत्रात आम्ही फारशी पाहिलेली नाहीत. आम्ही स्वतःही कधी तसे लिहिलेले नाही.

४

दुसरी तपासणी त्या मधल्या ग्रंथींची ठरली. ह्या ग्रंथी श्वसनमार्गाच्या आत नसतात, भिंतीच्या पलीकडे असतात. पूर्वी तेथे पोचायचे तर पूर्ण भूल देऊन, मानेच्या तळाशी छेद घेऊन, छातीच्या हाडामागून नळी उतरवावी लागे. ही पद्धत १९५९ पासूनची, आणि आजही काही वेळा लागते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे यंत्र बसवले गेले. श्वासनलिकेच्या आत उभे राहून भिंतीपलीकडची ग्रंथी ध्वनिलहरींनी पाहायची आणि तिच्यात सुई जाताना पडद्यावर डोळ्यांनी बघत राहायचे. आपल्याकडे आता मोठ्या शहरांत ही सोय आहे. सुई इंजेक्शनच्या सुईएवढी. बाहेर कोठेही खूण नाही.

पहिल्या वेळी संमतिपत्रावर सही आम्ही केली होती. कागद नानांपर्यंत जाऊच दिला नव्हता. दुसऱ्या वेळी आमच्यापैकी एक बिल भरण्याच्या रांगेत आणि दुसरे औषधे आणायला गेलेले असताना एका नव्या परिचारिकेने तो कागद सरळ नानांच्या हातात दिला. "आजोबा, वाचून सही करा," असे म्हणाली. रुग्णालयात इतक्या दिवसांत त्यांना कोणी 'वाचून' म्हटले, ते तिनेच.

आम्ही परतलो तेव्हा नाना पलंगावर मांडी घालून बसले होते. चष्मा नाकावर, कागद उशीवर, हातात खिशातले पेन. कागद मराठीत होता; तो कोणीतरी इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेला. शीर्षकातच 'संमतीपत्र' होते. 'ती' ऱ्हस्व झाली होती. 'क्वचीत' चे 'क्वचित' झाले होते. 'रक्तस्त्राव' मधला 'त' खोडून 'रक्तस्राव' केला होता. 'ह्रदय' दोन ठिकाणी 'हृदय' झाले होते. समासात कारणे लिहिली होती, चाचणी परीक्षेच्या पेपरावर लिहीत तशी. पुढच्या पानावर, 'तपासणीचे कारण' ह्यापुढे, निळ्या शाईत हाताने लिहिलेले होते : कर्करोगाचा संशय.

नानांनी त्या शब्दाखाली पेनाचे टोक टेकवले.

"सबंध कागदात एवढा एकच शब्द ह्यांनी शुद्ध लिहिलाय," ते म्हणाले.

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तीन आठवडे."

"दोघांनाही?"

"हो."

ते रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बाईंना बोलवा. मला एक दुरुस्ती सांगायचीय. माझ्याकडची."

डॉक्टरबाई आल्या, तेव्हा नानांनी आम्ही कधी न ऐकलेली गोष्ट चार वाक्यांत सांगितली. १९६८ साली, बी.ए. झाल्यावर लगेच, त्यांना क्षय झाला होता. मिरजेजवळ वॉन्लेसवाडीच्या आरोग्यधामात काही महिने आणि मग घरी गोठ्याशेजारच्या खोलीत वर्षभर. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि मूठभर गोळ्या. गावात सांगितले होते, मुलगा मुंबईला नोकरी शोधायला गेला आहे.

"मग त्या दिवशी नाही का म्हणालात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"चोपन्न वर्षं नाही म्हणतोय," नाना म्हणाले. "जिभेला वळण पडलंय."

आमच्या आजोबांनी तो शब्द लपवला होता. का, ते उघड आहे. शाळेत नोकरी मिळाली नसती, लग्न जमले नसते, घरातल्या दोन बहिणी तशाच राहिल्या असत्या. घरच्या घरी औषधे घेऊनही क्षय आरोग्यधामाइतकाच बरा होतो, हे मद्रासमधल्या अभ्यासाने १९५९ मध्येच जगाला दाखवून दिले होते. पण गावच्या विहिरीपर्यंत ते पोचायला वेळ होता. आजोबांनी जे केले ते मायेपोटी केले. आम्हीही जे केले ते मायेपोटीच. दोन्हींचा परिणाम एकच झाला. ज्या माणसाच्या छातीत रोग होता, त्याला त्याचे नाव उच्चारण्याची मुभा राहिली नाही.

डॉक्टरबाई रागावल्या असाव्यात, पण त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, आधी कळले असते तर चाचण्या वेगळ्या झाल्या असत्या असे नाही, त्या ह्याच झाल्या असत्या. पण जुना क्षय आहे म्हटल्यावर ही दुसरी तपासणी कदाचित लवकर झाली असती. शिवाय पूर्वी औषधे घेतलेल्या माणसात जंतू औषधांना दाद देतात की नाही, हेही पाहावे लागते. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता, ते माझ्यापासून. मी ह्या दोन्हींच्या मधे सुई घेऊन उभी."

नानांनी सही केली. शीर्षकातल्या दुरुस्तीवरही आद्याक्षरे घातली.

५

सात क्रमांकाची ग्रंथी, म्हणजे श्वासनलिका दुभंगते त्या कडेच्या खालची. ह्या ग्रंथींना नकाशातल्या गटांसारखे क्रमांक दिलेले आहेत. तीत सुई चार वेळा गेली. त्याच खोलीत एका कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक मांडलेला होता. काढलेला थेंब काचेवर पसरून, रंगवून, तेथल्या तेथे पाहायचा; आणि निदान सांगण्याआधी एवढेच सांगायचे, की हाती आलेले पुरेसे आहे की नाही. 'पुरेसं आहे' असा आवाज आल्यावरच सुई बाहेर येते. ही पद्धत आम्हांला फार आवडली. अर्थ लावण्याच्या आधी संहिता हाती आहे का हे विचारणारा एक माणूस प्रत्येक चर्चासत्राच्या कोपऱ्यात बसवला पाहिजे.

नमुन्याचे भाग झाले. एक पेशी पाहण्यासाठी, एक जंतू वाढवून पाहण्यासाठी, एक जनुकीय चाचणीसाठी. जंतू वाढवून पाहायला सहा आठवडेही लागू शकतात; जनुकीय चाचणी यंत्रात ठेवल्यापासून दोनेक तासांत उत्तर देते, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. क्षय. औषध लागू पडेल. चार दिवसांनी पेशींचा अहवालही तेच म्हणाला : क्षयात दिसतात तशा पेशींच्या गाठोळ्या, कर्करोग नाही. डॉक्टरबाईंनी तरीही बजावले, की औषधांनी ती सावली विरते की नाही हे पुन्हा सीटी काढून पाहीपर्यंत गोष्ट संपली असे म्हणायचे नाही.

आम्ही मात्र फोन आला त्याच संध्याकाळी पेढे आणले.

पेढ्यांचा पुडा पाहून नाना बराच वेळ गप्प होते. घसा अजून बसलेला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, ह्याच शब्दापायी मी गोठ्याशेजारी झोपलो. आणि तुम्ही त्याचे पेढे वाटताय."

पेढा त्यांनी घेतला. पण ते वाक्य आम्हांला आजही सुटलेले नाही. साँटॅगच्या पुस्तकात क्षय आणि कर्करोग ही दोन रूपके शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एकाची दहशत ओसरली तशी ती दुसऱ्याकडे गेली, असा तिचा प्रवास आहे. तो प्रवास आम्ही फळ्यावर बाण काढून शिकवला होता. आमच्या घरात तो बाण एका दुपारी उलटा फिरला, आणि ज्या शब्दाने एका पिढीला अंधार दाखवला, तो दुसऱ्या पिढीला गोड लागला. रोग दोन्ही वेळा तोच होता. तो आजही आपल्या देशात माणसे मारतो, आणि ह्याचे पेढे होत नाहीत, हे आम्हांला पेढे घेताना सुचले नाही.

६

औषधे सहा महिने चालली. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. २०१२ पासून आपल्याकडे क्षयाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. त्यानुसार गावातल्या आरोग्य केंद्राच्या ताई घरी आल्या. त्यांनी घरातल्या माणसांची चौकशी केली. शेवटी दबक्या आवाजात विचारले, "आजूबाजूला माहीत आहे का? नसेल तर मी काही बोलत नाही."

आम्ही दोघेही त्या दिवशी तेथे होतो. आम्ही, सवयीने, एकमेकांकडे पाहिले.

"माहीत नाही," नाना म्हणाले. "पण आज होईल. तुम्ही जरा मोठ्यानं विचारा."

२०२३ च्या उन्हाळ्यात औषधे संपली. पुन्हा काढलेल्या सीटीत ती सावली विरली होती, व्रण तेवढा राहिला होता. पहिल्या व्रणाच्या शेजारी दुसरा. आवाज पूर्वीसारखा झाला. कफ मात्र पावसाळ्यात अजून होतो.

'बिनटाक्याची' हा शब्द आम्ही आता जपून वापरतो. छाती न उघडता, एकही टाका न घालता, सुईच्या टोकाएवढ्या ऐवजावर त्या लोकांनी जे शोधून काढले, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. बाहेरची जखम त्यांनी जवळजवळ शून्यावर आणली. पण आत जाण्याची वाट इतकी लहान झाली, की आत काय चालले आहे तेही लहानच असेल, असा आमचा समज झाला; आणि लहान गोष्टीसाठी कोणाला कशाला सांगा, असे वाटून गेले. त्या कागदाचा खरा वाचक पलंगावर बसलेला होता. वाचनाचे धडे देणाऱ्या आम्हांला तो कागद त्याच्या हातात देणे जमले नाही. ते एका परिचारिकेला, बहुधा घाईत, जमून गेले.

हे टिपण लिहिण्याआधी नानांची संमती घेतली. ह्या वेळी तोंडी. ते म्हणाले, "माझं नाव घालू नका. रोगाचं घाला."

आई त्यांच्यासोबत चाळीस वर्षे राहिली. तिला १९६८ ची गोष्ट ठाऊक होती का, हे आम्ही अजून त्यांना विचारलेले नाही.